आयर्न मेडन लाइव्ह बघितलं, आणि ते गाणं यावेळी मधेच तुटलं नाही

व्हिडिओ नाहीये माझ्याकडे. एकही नाही. फोटो तीन आहेत आणि तिन्ही शो सुरू व्हायच्या आधीचे, दोन रिकाम्या स्टेजचे आणि एक दादाचा, पाठमोरा. या टूरला बँडनेच सगळ्यांना विनंती केली होती की फोन शक्यतो खिशात ठेवा, समोर जे चाललंय ते डोळ्यांनी बघा, आणि मी ते मनापासून पाळलं. त्यामुळे आता जे काय आहे ते डोक्यात आहे, आणि ते पुसट व्हायच्या आत लिहून ठेवतेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

तर बँड आयर्न मेडन, ब्रिटिश हेवी मेटल बँड, टूर 'रन फॉर युअर लाइव्ह्ज'. बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला, म्हणजे ५० वर्षं झाली, आणि त्या निमित्ताने २७ मे २०२५ ला बुडापेस्टमधून ही टूर निघाली. यावेळचं वेगळेपण म्हणजे सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजवायच्या गाण्यांची यादी, फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, १९८० च्या पहिल्या अल्बमपासून १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंत. त्यापुढचं एकही गाणं नाही. ज्या दिवशी हे जाहीर झालं त्या दिवशी दादाचा फोन आला, हॅलो नाही काही नाही, थेट म्हणाला, "अगं, मग ते मोठं गाणं वाजवतील का?" मला विचारावं नाही लागलं कुठलं मोठं गाणं ते.

हे सांगितल्याशिवाय पुढचा रिव्ह्यू कळणार नाही म्हणून सांगते. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी सातवीत असताना त्याने मित्राकडून 'पॉवरस्लेव्ह' हा १९८४ चा अल्बम कॅसेटवर भरून आणला होता. कोरी कॅसेट ४६ मिनिटांची आणि अल्बम ५१ मिनिटांचा, त्यामुळे दोन्ही बाजूंचा शेवट कापला गेला. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं म्हणजे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', साडेतेरा मिनिटांच्या वर, कोलरिजच्या १७९८ च्या कवितेवरून केलेलं. एक खलाशी विनाकारण अल्बाट्रॉस पक्षी मारतो, मग शाप लागतो, वारा पडतो, जहाज समुद्रात जागच्या जागी थांबतं, बरोबरचे सगळे एकेक करून मरतात आणि हा एकटा उरतो. आणि मग, गिटारचे मोठे सोलो संपून गोष्ट परत सुरू होते ना, तिथेच कुठेतरी खट्ट. टेप संपली. कितीतरी वर्षं मला माहीतच नव्हतं की तो खलाशी घरी पोचतो की नाही. दादालाही नव्हतं. आम्ही आपापसात शेवट ठरवायचो, त्याच्या शेवटात जहाज बुडायचं आणि माझ्या शेवटात कुणीतरी वाचवायला यायचं. पुढे सीडी आली तेव्हा कळलं की दोघांचंही बरोबर होतं.

असो. मैदानाकडे येते.

तिकीट काढणं म्हणजे एक परीक्षाच झाली, ऑनलाइन रांगेत दीड तास, दोनदा पेज अडकलं, तिसऱ्यांदा मिळालं. आम्ही उभं राहायचं तिकीट घेतलं. दादाचा गुडघा दुखतो, मी म्हटलं होतं बसायचं घेऊया, तो म्हणाला मेडनला बसून नाही बघणार. ठीक आहे. पण अगदी पुढे रेलिंगला नाही गेलो, साउंडवाल्यांचं डेस्क असतं ना मैदानाच्या मधोमध, त्याच्या जरा पुढे डावीकडे उभे राहिलो. हे कुणी पहिल्यांदा जात असेल त्याच्यासाठी मुद्दाम लिहितेय, आवाज मिक्स करणारा माणूस तिथे बसून ऐकत असतो, त्यामुळे सगळ्यात नीट आवाज त्या आसपासच मिळतो. पुढे रेलिंगला चेहरे दिसतात पण ड्रम आणि स्टेजवरच्या स्पीकरचाच मारा होतो आणि गाणाऱ्याचे शब्द हरवतात.

आणि इअरप्लग घ्या. प्लीज घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे आणि तेवढा आवाजसुद्धा दोन तास ऐकणं म्हणजे कानांना सोपं नसतं. फोमचे स्वस्त प्लग वरचे सूर जास्त खातात, मग सगळं उशीतून ऐकल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा वादक लोक वापरतात ते फिल्टरवाले घ्या, आवाज सगळीकडून सारखा कमी होतो आणि गिटार गिटारसारखीच ऐकू येते. मी दोघांसाठी नेले होते. दादा आधी नको म्हणाला, दुसऱ्या गाण्याला गुपचूप हात पुढे केला.

सुरुवात. बँड यायच्या आधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं, ही त्यांची जुनी पद्धत, ज्याला माहीत आहे त्याला कळतं की आता काही मिनिटांतच. ते गाणं लागलं आणि आजूबाजूचे सगळे, अगदी सगळे, गायला लागले, स्टेजवर एकही माणूस नसताना. मग दिवे गेले, मागच्या प्रचंड स्क्रीनवर पूर्व लंडनचे जुने रस्ते सरकायला लागले, 'आइड्स ऑफ मार्च' वाजत होतं, आणि ते संपता संपता सगळे एकदम स्टेजवर. माझे हात थंड पडले होते खरं सांगते. इतकी वर्षं जो आवाज फक्त कानात होता त्याला हातपाय फुटून तो समोर पळत होता.

पहिल्या दोन गाण्यांत आवाज नीट लागला नव्हता, वारा होता आणि गाणं मागे-पुढे हलल्यासारखं वाटत होतं, गायक ब्रूस डिकिन्सनचे शब्द गिटारींच्या खाली दबत होते. तिसऱ्या गाण्यापर्यंत जुळलं. 'किलर्स'ला कुऱ्हाड घेऊन एडी आला, म्हणजे यांच्या अल्बमच्या कव्हरवर असतो तो भुतासारखा मॅस्कॉट, दोन माणसांएवढा उंच, आणि माझ्या बाजूला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता तो आनंदाने अक्षरशः उड्या मारत होता, वडील त्याच्याकडेच बघत होते, स्टेजकडे नाही.

दादाला खरी काळजी होती ती ड्रमची. निको मॅकब्रेन १९८२ पासून या बँडचा ड्रमर, जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्ट्रोक आला, तरी सावरून परत वाजवायला लागला, आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोच्या शोनंतर टूर करणं त्याने थांबवलं. आता त्या जागी सायमन डॉसन, जो स्टीव्हच्या 'ब्रिटिश लायन' या दुसऱ्या बँडमध्ये वाजवतो. पहिली चार-पाच गाणी दादा स्टेजवर दुसरीकडे कुठे बघतच नव्हता, फक्त ड्रमरकडे. मग वाकून माझ्या कानाशी ओरडला, "हात हलका आहे गं याचा. पण धरून ठेवतोय." मला ते अगदी पटलं. निकोच्या वाजवण्यात एक भरलेपण असायचं, सगळीकडे काहीतरी चालू, ते इथे नाही. पण सेटमधली पहिली बरीच गाणी मुळात क्लाइव्ह बरने वाजवलेली, निकोच्या आधीची, आणि त्या गाण्यांना हा मोकळा, सरळ हात छान बसतो. 'फँटम ऑफ द ऑपेरा' मी इतकं स्वच्छ कधीच ऐकलं नव्हतं. निकोची आठवण मात्र मधल्या अल्बमच्या गाण्यांत आली, येणारच.

आणि स्टीव्ह हॅरिस. माझ्यासाठी हा बँड म्हणजे आधी बेस गिटार आहे. बाकी बँडमध्ये बेस शोधावी लागते, इथे तीच पुढे चालते. पिक न वापरता बोटांनी वाजवतो, तारा गुळगुळीत, आणि ती त्याची प्रसिद्ध घोडदौड, एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड, टापांसारखी. हेडफोनमध्ये ती कानाला लागते. मैदानात ती छातीच्या हाडात लागते, मी दोनदा हात लावून बघितला, हाड खरंच थरथरत होतं. एक पाय स्टेजवरच्या मॉनिटरवर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), बेस लोकांकडे रोखलेली, आणि स्वतः प्रत्येक शब्द ओठांनी म्हणतोय, त्याच्यासमोर माइक नसताना. सत्तरीला टेकलेला माणूस. डेव्ह मरे पूर्ण वेळ हसत होता, एड्रियन स्मिथ आपल्या कोपऱ्यात शांत, यानिक गेर्स गिटार गळ्याभोवती फिरवतोय, आणि तिघांच्या गिटारी जिथे एकत्र सूर धरतात तिथे कोण काय वाजवतंय हे आम्ही बोट दाखवून एकमेकांना सांगत होतो.

ब्रूसबद्दल काय लिहू. १९५८ चा जन्म. २०१४ च्या शेवटी जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ निघाली होती, उपचार झाले, बरा झाला आणि परत गायला लागला. आणि जुनी गाणी मूळ पट्टीत गातो, सोयीसाठी पट्टी खाली आणलेली नाही. काही जागा तो आता वेगळ्या घेतो, वर जायच्या ऐवजी वळून जातो, ते कळतं, पण जिथे जायलाच हवं तिथे जातो. वरच्या कट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत. मला गाण्यातलं फार कळत नाही पण श्वास किती लागतो हे कळतं.

आता ते गाणं.

सेटमध्ये नववं. दादाला मी आधी मुद्दाम सांगितलं नव्हतं, सेटलिस्ट मी बघितली होती, त्याने बघितली नव्हती, त्याला ते न कळता ऐकायचं होतं. २००९ नंतर त्यांनी हे गाणं वाजवलंच नव्हतं. पहिला रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून, आला आणि दादाने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा रुतला.

आधी मला भीती होती स्क्रीनची. मेडन म्हटलं की मागे रंगवलेले मोठे पडदे, गाण्यागणिक बदलणारे, ते मला फार आवडायचे, आणि आता त्या जागी एलईडी. पण या गाण्याला मागे समुद्र हलत होता आणि मधल्या भागात तो हलायचा थांबला, आणि तेव्हा मला कळलं की हे पडद्यावर जमलं नसतं.

तो मधला भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पाच-एक मिनिटं गाणं जोरात पळतं आणि मग गिटारी गप्प होतात. फक्त बेस, अगदी हळू, लाकूड कुरकुरल्याचा आवाज, आणि कुणीतरी कवितेच्या ओळी म्हणतंय. वारा नाही, जहाज थांबलेलं. हेडफोनमध्ये हा भाग मी शेकडो वेळा ऐकलाय. पण हजारो माणसं उभी असलेल्या मैदानात तो कसा वाटेल याची मला कल्पना नव्हती, मला वाटलं होतं लोक ओरडतील, शिट्ट्या मारतील, गप्पा सुरू होतील. कुणीही हललं नाही. खरंच कुणी नाही. माझ्या समोरच्या बाई पाण्याची बाटली उघडत होत्या, त्यांनी झाकण अर्धं फिरवून तसंच धरून ठेवलं, पूर्ण तो भाग, दोन-अडीच मिनिटं, बाटली तोंडाजवळ आणि हात तसाच. मागून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, दाबलेला. बेसचा एकेक सूर पडत होता आणि मधली शांतता ऐकू येत होती. मेटलच्या कॉन्सर्टला मी शांतता ऐकली हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण त्या रात्रीचं सगळ्यात मोठं जे काही होतं ते हेच होतं.

मग हळूहळू परत चढत जातं, ड्रम येतात, ब्रूस ती लांब किंकाळी देतो आणि सगळं एकदम सुटतं. त्या बाईंनी पाणी प्यायलं नाही, बाटली तशीच हातात घेऊन हात वर केले. सोलो झाले. आणि सोलो संपत आले तसं माझं अंग आपोआप आवळलं. कारण एवढ्या वर्षांनी, सीडी आल्यावर, ऑनलाइन हवं तेव्हा ऐकता येतं तरी, माझे कान अजून तिथे त्या खट्टची वाट बघतात. मी दादाकडे बघितलं तर तो आधीच माझ्याकडे बघत होता.

"इथेच ना?" तो म्हणाला. आवाजात ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

मी मान हलवली. आणि गाणं पुढे गेलं. ब्रूस पुढचं कडवं गायला लागला, जहाज बुडालं, खलाशी वाचला, आणि आता जिथे जाईल तिथे त्याला ही गोष्ट सांगत फिरायचंय असं म्हणत ते संपलं, समोर, शेवटच्या ठोक्यापर्यंत. दादा रडत होता. मीही. आम्ही दोघं एकमेकांसमोर शेवटचे कधी रडलो होतो ते मला आठवतंय आणि ते वेगळ्या कारणासाठी होतं, ते इथे लिहीत नाही.

यानंतरची काही गाणी मला नीट आठवत नाहीत खरं तर. 'रन टू द हिल्स'ला सगळं मैदान उसळलं हे आठवतं. 'द ट्रूपर'ला ब्रूस लाल कोट घालून झेंडा फडकवत होता. 'हॅलोड बी दाय नेम' मात्र पूर्ण आठवतंय, फाशीच्या आधीचे शेवटचे क्षण मोजणाऱ्या कैद्याचं गाणं, १९८२ चं, आणि सुरुवातीची ती घंटा मोठ्या मैदानावर वाजली की पोटात खड्डाच पडतो. एन्कोअरला, म्हणजे बँड एकदा आत जाऊन परत येतो तेव्हा, आधी चर्चिलचं भाषण आणि त्यावरून 'एसेस हाय', मग 'फिअर ऑफ द डार्क', ज्यात लोक शब्द तर गातातच पण गिटारची धूनही गातात, ओ ओ करत, आणि बँड ऐकत थांबल्यासारखं वाटतं. शेवट 'वेस्टेड इयर्स'ने. एड्रियनने लिहिलेलं गाणं, १९८६ चं. दोन तासांच्या आसपास शो, १७ गाणी.

काय खटकलं तेही लिहिते. २००० नंतरच्या अल्बममधलं काहीच नाही हे माहीत असूनही मला चुटपुट लागली, ब्रूस आणि एड्रियन १९९९ मध्ये परत आल्यानंतरची काही गाणी मला जुन्यांइतकीच जवळची आहेत. टी-शर्टच्या स्टॉलवर मधले साइज आम्ही पोचेपर्यंत संपले होते आणि रांग एकच, ती कुठे सुरू होते हे सांगायलाही कुणी नाही. बायकांच्या टॉयलेटची रांग इतकी लांब की मेडनच्या आधी वाजवणाऱ्या सपोर्ट बँडची निम्मी गाणी माझी तिथेच गेली, जे ऐकलं ते चांगलं होतं आणि मला त्याचं वाईट वाटतंय. आणि आमच्या मागे एक ग्रुप होता तो एवढं सांगूनही तीन-चार गाणी पूर्ण फोन वर धरून शूट करत होता, त्यांच्या मागच्या मुलीला काही दिसत नव्हतं, शेवटी दादाने तिला आमच्या पुढे उभं केलं.

कुणी जावं? ज्यांना दोन-चार गाणीच माहीत आहेत त्यांनी जावं का असं मला दोघा-तिघांनी विचारलं. जा. पण आधी 'पॉवरस्लेव्ह' आणि 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' हे दोन अल्बम तरी निवांत ऐकून जा, कारण मधली गाणी लांब आहेत, त्यांच्यात कुठे वळण येतं हे माहीत असलं की मजा दुप्पट होते. गुडघे-कंबर दुखत असेल तर सरळ बसायचं तिकीट काढा, बाजूच्या वरच्या रांगांतून स्टेज पूर्ण दिसतं आणि यांचं स्टेज पूर्ण दिसायलाच हवं. लहान मुलांना नेणार असाल तर मोठे कान झाकणारे हेडफोन लागतात, प्लग त्यांच्या कानात टिकत नाहीत. मी पाचपैकी पाच देतेय.

शो संपला की मोठे दिवे लागतात आणि स्पीकरवर माँटी पायथनचं 'ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ' वाजतं, हीसुद्धा जुनी पद्धत, आणि सगळी काळ्या टी-शर्टातली गर्दी ते शीळ घालत बाहेर पडते. दादा लंगडत होता. गेटबाहेर एका कठड्यावर आम्ही गर्दी कमी होईपर्यंत बसलो, बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, तो मांडीवर दोन बोटांनी ताल धरून होता, एक लांब दोन आखूड.

मग म्हणाला, "ती कॅसेट आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. वाजवायला काही नाहीये, पण आहे."

"असू दे," म्हणाला. "टाकू नकोस."